सात सेंटिमीटरची गाडी

रस्त्यावरची साडेचार मीटर लांबीची गाडी चौसष्टाव्या हिश्शाएवढी केली की सात सेंटिमीटर भरते. चिमटीत धरता येईल एवढी. हिशेब सरळ आहे, पण खेळण्यातल्या डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, गाड्यांमध्ये तो क्वचितच पाळलेला असतो. लांबलचक ट्रक आणि दोन दारांची चिमुकली गाडी, दोन्ही एकाच मापाच्या पाकिटात बसवायच्या असतात. मग ट्रक जास्त आक्रसतो आणि चिमुकली गाडी फुगते. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या तर छोटीचं चाक ट्रकच्या चाकाच्या तोडीस तोड दिसतं. नव्याने संग्रह करणाऱ्याला हे खटकतं आणि तो काटेकोर १:६४ माप पाळणाऱ्या महाग मॉडेलांकडे वळतो.

ती मॉडेलं मलाही आवडतात. आरसे, वायपर, दिव्यांच्या आतली नक्षी, सगळं जिथल्या तिथे असतं. पण माझा जीव अडकलाय तो साध्या, स्वस्त, चार भागांच्या गाडीत: धातूचं अंग, खालचा बेस, आतली सीटं आणि काचेचा एक सलग तुकडा. इतक्यात सगळं भागवायचं असतं. म्हणून तिथे कुणीतरी आधी बसून विचार केलेला असतो, की या गाडीतलं नेमकं काय ठेवलं म्हणजे ती लांबूनही ओळखू येईल आणि काय सोडलं तरी चालेल. फोक्सवॅगन बीटल घ्या. छपराची कमान आणि मडगार्डांचा फुगवटा बरोबर आला की पुढचे दिवे नुसते छापलेले असले तरी डोळा तक्रार करत नाही. तीच कमान अर्धा मिलिमीटर चुकली, तर खऱ्या गाडीवर ते तीन सेंटिमीटरहून जास्त होतं, आणि मग कितीही सुबक दिवे लावा, ती बीटल वाटत नाही.

गाड्या जमवणं आणि गाड्या उघडून पुन्हा रंगवणं, म्हणजे ज्याला सगळे ‘कस्टम करणं’ म्हणतात, हे बरेच जण दोन वेगळे छंद समजतात. माझ्यासाठी ते एकच आहेत. जमवताना मी कुणाचा तरी निर्णय बघते, आणि उघडल्यावर तो निर्णय का घेतला ते कळतं.

पाकिटाने माप ठरवायचं हा प्रकार तसा मॅचबॉक्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडच्या जन्मापासूनचा. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी १९४७ साली लंडनमध्ये लेस्नी ही कंपनी काढली. आडनाव एक असलं तरी ते नातेवाईक नव्हते. थोड्याच काळात जॅक ओडेल त्यांना येऊन मिळाला. डायकास्टिंगमधला तो खरा कसबी माणूस. ओडेलच्या मुलीच्या शाळेत म्हणे नियम होता, की आगपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. म्हणून त्याने तिला पितळेचा एक छोटा रोडरोलर करून दिला. शाळेतल्या बाकीच्या मुलांनाही तसा हवा झाला, आणि १९५३ मध्ये मॅचबॉक्सची मालिका सुरू झाली तेव्हा पहिला नंबर रोडरोलरचाच होता. त्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त त्यांनी काढलेली छोटी शाही बग्गी दहा लाखांहून जास्त खपली आणि पुढच्या सगळ्या उद्योगाला भांडवल मिळालं. प्रमाण कुठलं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नसावा. आगपेटी हेच प्रमाण.

पंधरा वर्षांनी, १९६८ मध्ये, मॅटेल कंपनीने हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या आणल्या आणि सगळा डाव उलटला. मॅचबॉक्सच्या गाड्या देखण्या होत्या, पण हाताने ढकलायच्या. हॉट व्हील्सच्या गाड्या धावायच्या. बारीक तारेचे लवचिक आस, चाकांत घर्षण कमी करणाऱ्या प्लॅस्टिकच्या बुशी आणि वर उतारावरून सोडायला नारिंगी रंगाची पट्टी. कंपनीचे एक संस्थापक एलियट हँडलर यांनी त्यासाठी हॅरी बेंटली ब्रॅडली या डिझायनरला आणलं होतं. तो जनरल मोटर्समधून आलेला. खऱ्या गाडीचं रेखाटन करणारा माणूस खेळण्याकडे वळला की काय होतं, ते त्या पहिल्या गाड्यांत दिसतं. मागची चाकं मोठी, पुढची लहान, नाक खाली झुकलेलं. ही मापं कुठल्याही खऱ्या गाडीची नव्हती, तरी उभी गाडी पळतेय असं वाटायचं. रंगही तसाच: चकचकीत धातूवर पारदर्शक रंगाचा थर. त्यामुळे उजेड रंगातून आत शिरून धातूवरून परत यायचा. मॅचबॉक्सला दुसऱ्याच वर्षी ‘सुपरफास्ट’ नावाने स्वतःची पळती चाकं आणावी लागली. पुढे १९८२ मध्ये लेस्नी दिवाळखोरीत गेली, हात बदलत बदलत मॅचबॉक्स हे नाव १९९७ मध्ये मॅटेलकडेच आलं, आणि आज दोन्ही नावं एकाच घरात नांदतात.

या सगळ्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती हकिकत मात्र एका फसलेल्या नमुन्याची आहे. १९६९ च्या ‘बीच बॉम्ब’ या फोक्सवॅगन व्हॅनच्या सुरुवातीच्या नमुन्यात सर्फबोर्ड मागच्या खिडकीतून आत सरकवलेले होते. दिसायला झकास. पण व्हॅन उंच, अरुंद आणि वरच्या बाजूला जड. पट्टीवर वेग देणारं जे फिरत्या चाकांचं यंत्र होतं, त्यात ती नीट पकडली जात नव्हती. मग दोन्ही बाजूंना फुगवटे काढून त्यांत सर्फबोर्ड बसवले. गाडी रुंद झाली, वजन खाली उतरलं, काम झालं. मागच्या खिडकीचा तो नमुना, त्यातही गुलाबी रंगातला, आज संग्राहकांच्या जगातल्या सर्वांत मोलाच्या गाड्यांमध्ये गणला जातो. लोक किमतीचं बोलतात. मी त्या दोन गाड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघते तेव्हा मला दिसतो तो एक डिझायनर, ज्याला वजनाने सांगितलं, की तुझी रेषा बदल. आणि बदललेली रेषा कुरूप झाली नाही, हे त्याचं कौशल्य.

वजन तसं सांगतं, तसाच साचाही सांगतो. या गाड्यांचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असतं. हा धातू साधारण ३८५ अंश सेल्सियसला वितळतो, तर शुद्ध ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. कमी तापमानामुळे पोलादी साचा फार काळ टिकतो आणि वितळलेल्या धातूचा पातळ रस दाबाखाली बारीकसारीक कोपऱ्यात पोचतो. साच्याचे भाग एकत्र येतात, रस आत जातो, गोठतो, साचा उघडतो आणि गाडी बाहेर. या ‘बाहेर’मध्ये सगळी गोम आहे. गाडीची प्रत्येक बाजू किंचित तिरकी नसेल तर ती साच्यात अडकून बसेल. खिडकीच्या खालून आत वळणारी रेषा असेल तर साच्याला बाजूने सरकणारा आणखी एक भाग द्यावा लागतो, आणि प्रत्येक जादा भाग म्हणजे जादा खर्च. बाहेरचे आरसे बहुतेक गाड्यांना का नसतात, दारांची फट अशी उथळ का असते, याची उत्तरं इथे आहेत. हे समजल्यापासून मी कुठल्याही गाडीला सहजासहजी ‘ओबडधोबड’ म्हणत नाही. आधी ती साच्यातून कशी निघाली असेल ते बघते.

ते बघायचं तर गाडी उघडावी लागते. गाडी उलटी केली की बेसवर दोन गोल टिकल्या दिसतात, कधी एकच. ते रिव्हेट. अंगातूनच निघालेला धातूचा खांब बेसच्या भोकातून बाहेर येतो आणि कारखान्यात त्याचं डोकं दाबून पसरवलेलं असतं. उघडणं म्हणजे हे पसरलेलं डोकं तेवढं काढायचं, खांबाला धक्का न लावता. आधी मधोमध टोच्याने खूण, मग बारीक ड्रिल, मग साडेतीन मिलिमीटरच्या आसपासचं, वेग कमी ठेवून. जस्त मऊ असतं. ड्रिल त्यात पटकन रुततं आणि गाडी हातातून हिसकली जाते, म्हणून ती फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरलेली बरी. चांदीसारखे बारीक वळसे वर येत राहतात. एका क्षणी टिकली सुटून ड्रिलच्या टोकाभोवती बांगडीसारखी फिरू लागते. तिथे थांबायचं. बेस आपसूक सैल होतो आणि काच, सीटं, चाकं टेबलावर येतात.

उरलेल्या खांबात १.६ मिलिमीटरचं भोक पाडून एम-२ मापाचे, म्हणजे दोन मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे काढले की पुढे स्क्रूने गाडी हवी तेव्हा बंद आणि हवी तेव्हा उघडी करता येते. चिकटवून टाकणारे बरेच असतात. मला ते पटत नाही. आज मी जे केलं ते उद्या आणखी कुणाला तरी उघडून बघावंसं वाटेल, त्याची सोय ठेवायला हवी.

मग रंग काढायचा. हातमोजे घालून, खिडकी सताड उघडी ठेवून. पेंट रिमूव्हरचा थर दिला की थोड्या वेळात टपावरचा रंग सुरकुततो, फुगतो आणि पापुद्र्यासारखा सुटा होतो. जुन्या दातघासणीने घासलं की खालचा राखाडी धातू उघडा पडतो. या टप्प्यावर मला घाई अजिबात चालत नाही. नुकत्याच उघड्या झालेल्या धातूवर सगळं लिहिलेलं असतं. रस कुठून आत शिरला ती खूण, तो वाहत जाऊन दुसऱ्या प्रवाहाला जिथे मिळाला तिथली फिकट लहर, आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथली बारीक उंचवट्याची रेघ. ही रेघ बहुधा खिडक्यांच्या खांबांवरून आणि मडगार्डांच्या कडेने जाते. रंगाखाली ती लपून होती, म्हणजे डोळ्याला लपलेली. बोटाला ती आधीही लागत होती.

ती रेघ कानशीने घासून काढायची. जस्ताचा कीस कानशीच्या दातांत भरतो, म्हणून आधी कानशीवर खडू फिरवावा. मग पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून, आधी ४००चा, मग ८००चा. इथे एक मोह होतो. घासता घासता सगळंच गुळगुळीत करावंसं वाटतं आणि बॉनेटवरची ती धारदार घडी, जिच्यामुळे गाडी ओळखू येत होती, गोलसर होऊन जाते. नव्या लोकांनी केलेल्या कित्येक गाड्यांत मला हे दिसतं. रंग अप्रतिम, पण गाडी साबणाच्या वडीसारखी झालेली. कुठे हात थांबवायचा हे शिकायला रंगापेक्षा जास्त वेळ लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण लहान आकाराची खरी परीक्षा इथे आहे. खऱ्या गाडीवरचा रंगाचा सगळा थर ढोबळमानाने एक दशांश मिलिमीटर. आपल्या छोट्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून जवळपास तेवढाच थर होतो. पण तो चौसष्ट पटीने मोजा: साडेसहा मिलिमीटर! एवढा जाड रंग खऱ्या गाडीला फासला तर दारं उघडणार नाहीत. खऱ्या गाडीच्या दाराची फट चार मिलिमीटर धरली, तर आपल्याकडे ती ०.०६ मिलिमीटर व्हायला हवी. साच्यात ती मुद्दामच त्याहून खूप रुंद ठेवलेली असते, आणि तरीही दोन जाड हात दिले की बुजते. म्हणून एअरब्रश, हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारा. म्हणून रंग दुधासारखा पातळ करून, धुक्यासारखे हलके हात, मध्ये वाळायला वेळ देऊन. मी रंग लावायच्या आधी सगळ्या फटी सुईच्या टोकाने हलकेच खोल करून घेते. पाच मिनिटांचं काम, पण शेवटी गाडी जिवंत वाटते ती त्याच्यामुळे.

मेटॅलिक रंगाचं दुखणं आणखी वेगळं. त्यातले ॲल्युमिनियमचे कण वीसेक मायक्रॉनचे असतात. खऱ्या गाडीवर ते नुसतं चमचमणं वाटतं. सात सेंटिमीटरच्या गाडीवर तोच कण प्रमाणात सव्वा मिलिमीटरचा होतो आणि गाडीवर वाळू फेकल्यासारखी दिसते. खऱ्या गाडीच्या दुरुस्तीचा रंग, अगदी कंपनीच्या क्रमांकाचा, आणून मारला तरी तो खरा वाटत नाही, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण उजेडाचं. मोठा पृष्ठभाग आभाळ, जमीन, सगळं पोटात घेतो आणि उजळ दिसतो. लहान पृष्ठभागावर तोच रंग गडद आणि जड वाटतो. त्यामुळे मी रंगात थोडा पांढरा किंवा फिका राखाडी मिसळते आणि चमक जरा उतरवते. म्हणजे खरा दिसावा म्हणून खरा रंग सोडून द्यायचा. गाडी ओळखू यावी म्हणून ज्या डिझायनरने तिच्या छपराची कमान जराशी वाढवून ठेवली, त्याने हेच केलं होतं. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला त्या अनोळखी माणसाशी ओळख झाल्यासारखं वाटलं.

कारखान्यात पट्टे आणि आकडे टॅम्पोने छापतात. सिलिकॉनची मऊ गादी शाई उचलते आणि गाडीच्या वळणावर दाबली जाते. हॉट व्हील्सने १९७४ मध्ये ते सुरू केलं आणि गाड्यांचं रूपच पालटलं. घरी आपल्याकडे पाण्यात भिजवून सरकवायचे डिकल, म्हणजे छापील नक्षीचे पातळ पापुद्रे. त्यांचं एकच पथ्य: खालचा रंग चकचकीत हवा. मॅट रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते. डिकल मऊ करणारं द्रावण लावलं की ते आधी सुरकुततं. बघवत नाही, बोट लावावंसं वाटतं. लावू नये. वाळता वाळता ते स्वतःहून ताणलं जातं आणि दाराच्या फटीत उतरून बसतं.

जुनी, गंजकी गाडी करण्याची पद्धतही मला फार आवडते. खाली गंजाचा तपकिरी, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग. वरचा रंग वाळल्यावर ओल्या कुंचल्याने घासलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि रंगाचे टवके उडतात, खालून गंज डोकावतो. फक्त गंज कुठे धरतो ते खऱ्या गाड्यांवर बघून यावं. चाकांच्या वरच्या कमानी, दाराखालचा पत्रा, पाणी साचतं त्या जागा. छपराच्या मधोमध उगाच गंज काढणं म्हणजे गाडीवर अन्याय आहे.

आणि चाकं. चाकं बदलली की बाकी काहीही न करता गाडी बदलते. खऱ्या गाडीचं टायरसकट चाक त्रेसष्ट सेंटिमीटरचं धरलं, तर आपल्याला सुमारे दहा मिलिमीटरचं हवं. पण मोजपट्टीपेक्षा इथे डोळा महत्त्वाचा. अर्धा मिलिमीटर खाली बसवलेली गाडी रस्त्याला धरून बसते, अर्धा मिलिमीटर वर राहिली तर बिचकल्यासारखी दिसते. काही उत्तम कस्टमकार चाकं मडगार्डात इतकी खोल बसवतात की ती फिरतच नाहीत. फोटोत त्या गाड्या देखण्या दिसतात हे मान्य. मी तसं करत नाही. आस पितळी नळीतून नेते, चाक मोकळं फिरेल एवढी जागा सोडते आणि त्यापायी गाडी जराशी उंच राहिली तरी राहू देते. मुळात १९६८ मध्ये या गाड्यांवर कुणीतरी एवढी मेहनत घेतली ती त्या पळाव्यात म्हणून.

पाकीट उघडावं की तसंच ठेवावं, यावर संग्राहकांमध्ये न संपणारा वाद आहे. हॉट व्हील्सने १९९५ मध्ये ‘ट्रेझर हंट’ ही मुद्दाम मोजक्याच नगांची मालिका काढली, पहिल्या वर्षी १२ गाड्या, प्रत्येकी १०,००० नग, तेव्हापासून पाकिटाच्या कार्डाची घडीसुद्धा लोक भिंगातून तपासू लागले. बंद पाकिटं जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. कार्डावरचं चित्र, त्या काळची छपाई, हे सगळं त्यांच्यामुळेच टिकतं. पण धातू कायमचा असतो असं कुणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या खेळण्यातल्या गाड्यांपैकी कितीतरी आज नुसत्या ठेवल्या जागी भेगाळून, फुगून चुरा होतात. तेव्हाच्या जस्तात शिशासारखी अशुद्धता मिसळली गेली की धातू आतून, कणाकणांच्या सीमेवरून गंजत जातो. त्यावर इलाज नाही. कपाटात नुसती ठेवून दिलेली गाडीही काहीतरी होत असते.

मी उघडते त्या गाड्या खेळून खेळून रंग उडालेल्या, आस वाकलेल्या, काच तडकलेल्या. दुर्मीळ आणि धड गाडीला ड्रिल लावायचं नाही, हा माझा नियम आहे. दुसरा नियम जास्त कडक. साध्या गाडीला रबरी टायर आणि पारदर्शक रंग चढवून ती कारखान्यातली दुर्मीळ आवृत्ती म्हणून खपवणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळे नव्या संग्राहकाचा विश्वास उडतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक गाडीच्या बेसवर रिव्हेटच्या जागी स्क्रू उघडा दिसेल असाच ठेवते आणि शेजारी वर्ष कोरते. बेसवर कारखान्याने जे वर्ष ओतलेलं असतं ते त्या डिझाइनच्या नोंदीचं असतं. तुमच्या हातातली गाडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालेली असू शकते. दोन्ही वर्षं शेजारी असली की गाडीचा पत्ता नीट लागतो.

सध्या टेबलावर एक स्टेशन वॅगन आहे, रंग काढून ठेवलेली. तिच्या मागच्या खांबावर साच्याची रेघ बरोबर त्या जागेवरून गेलीय जिथे खऱ्या गाडीला पत्र्याचा जोड असतो. साचा बनवणाऱ्याने ती जाणूनबुजून तिथे नेली असावी, असा मला दाट संशय आहे, कारण पुढच्या खांबांवर ती आतल्या कडेला सरकवलेली आहे. बाकी सगळीकडे कानस फिरवून झाली. मागच्या खांबाला मी हात लावणार नाही. उलट रंग दिल्यावर त्याच रेघेत पातळ काळा रंग सोडून ती जोडासारखी उठवता येते का, ते आता बघायचंय.